कोरे कापड, ग्रे कापड: इचलकरंजीच्या बाजारातील एका विशेषणाचा इतिहास

इचलकरंजीच्या कापडबाजारात ‘ग्रे’ हे इंग्रजी विशेषण रंग सांगण्यासाठी सहसा वापरले जात नाही. मागावरून उतरलेले, पण धुलाई, विरंजन, रंगाई किंवा छपाई यांपैकी कोणताही संस्कार न झालेले कापड म्हणजे ग्रे, असा तिथला अर्थ आहे. आणि शहरातील बहुतेक सौदे याच मालाचे होत असल्यामुळे विशेषणामागचे ‘कापड’ हे नाम गळून पडून ‘ग्रेला उठाव नाही’, ‘ग्रे उतरले’ अशी वाक्ये रुळली आहेत. करड्या किंवा राखी रंगाला इंग्रजीत हाच शब्द आहे, याची आठवण या बाजारात क्वचितच कोणाला होते. शेअर बाजाराबाहेर चोरीछुपे चालणाऱ्या व्यवहारांना ‘ग्रे मार्केट’ म्हणतात, मात्र इचलकरंजीत ‘ग्रे मार्केट’ म्हणजे अगदी राजरोस चालणारा कोऱ्या कापडाचा बाजार.

मराठीत या मालासाठी ‘कोरे’ हा जुना आणि नेमका शब्द आहे. पाणी न लागलेले लुगडे कोरे, न लिहिलेला कागद कोरा, दूध न घातलेला चहा कोरा. संस्कार व्हायचा राहिलेली अवस्था हा अर्थ तिन्ही ठिकाणी समान आहे. इंग्रजी शब्दातही मुळात हाच भाव असावा असे मानण्यास आधार आहे, कारण फ्रेंचमधील ‘ग्रेज’ आणि इटालियनमधील ‘ग्रेज्जो’ या शब्दांचा अर्थ ‘कच्चा’ असा असून अमेरिकेतील वस्त्रव्यवसायात कोऱ्या कापडाला आजही ‘ग्रेज’च म्हणतात. तरीही घरात ‘कोरे’ आणि पेढीवर ‘ग्रे’ अशी वाटणी झाली. तिचे कारण व्याकरणात नसून जकातीच्या इतिहासात आहे.

एकोणिसाव्या शतकात लँकेशायरहून हिंदुस्थानात येणाऱ्या कापडाची नोंद सरकारी आकडेवारीत ग्रे, पांढरे आणि रंगीत अशा तीन सदरांखाली होत असे. या सदरांना पुढे राजकीय वजन आले. १८७९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने आपल्या कार्यकारी मंडळाचे बहुमत डावलून, ज्यात ३० काउंटहून बारीक सूत नाही अशा सर्व ग्रे कापडावरील आयात जकात उठवली. काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचे माप: एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तितका त्याचा काउंट, म्हणजेच आकडा जितका मोठा तितके सूत बारीक. मुंबईच्या गिरण्यांचा माल तेव्हा मुख्यतः जाड्याभरड्या सुताचा असल्याने ही सवलत नेमकी त्यांच्या मुळावर येणारी होती. १८८२ मध्ये उरलेल्या सुती मालावरची जकातही गेली. १८९६ मध्ये साडेतीन टक्के जकात बसवताना तितकाच अबकारी कर देशी गिरण्यांच्या कापडावर लादण्यात आला, आणि तो १९२५ च्या अखेरीपर्यंत चालू राहिला. पुढे १९३० च्या संरक्षण कायद्याने साध्या ग्रे कापडासाठी पौंडामागे साडेतीन आणे अशी किमान जकात स्वतंत्रपणे ठरवून दिली. जो शब्द पन्नास वर्षे जकातीच्या दरपत्रकात, आयातदारांच्या बिलांत आणि गिरण्यांच्या तक्रारअर्जांत घोळत राहिला, तो व्यापाऱ्यांच्या तोंडी बसला यात नवल नाही.

इचलकरंजी मात्र या शब्दाकडे उशिरा आली. पंचगंगेच्या काठचे हे गाव घोरपडे घराण्याच्या जहागिरीचे ठिकाण होते आणि ही जहागीर कोल्हापूर संस्थानाच्या अधिपत्याखाली होती. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसवला, आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या उद्योगाला आश्रय दिला. त्यानंतरच्या सुमारे अर्ध्या शतकात येथील मागांवर मुख्यतः सुती लुगडी आणि धोतरे विणली गेली. लुगड्याचे सूत विणण्यापूर्वीच रंगवलेले असते आणि काठ-पदर मागावरच तयार होतात. त्यामुळे मागावरून उतरलेले लुगडे हा विकायला तयार असा पुरा माल असतो आणि विणणाऱ्याला गिऱ्हाइकाची आवडनिवड जाणून घ्यावीच लागते. पुढे ग्रेसाठी प्रसिद्ध झालेले हे गाव आरंभी रंगीत मालाचे होते, ही गोष्ट त्याच्या इतिहासात पुरेशा ठळकपणे मांडली जात नाही.

पालट एका वर्षात झाला नाही. नऊवारी लुगड्याचा वापर ओसरत गेला, पाचवारी आणि कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या, आणि मागवाले हळूहळू पॉपलीन, केंब्रिक, मलमल अशा साध्या विणीच्या, थानात विकल्या जाणाऱ्या कापडाकडे वळले. सहकारी तत्त्वावरील डेक्कन सूतगिरणीसारख्या संस्थांमुळे सूत जवळ उपलब्ध होऊ लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांच्या मालाची जी जागा रिकामी पडली ती भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी येथील यंत्रमागांनी भरून काढली. बाजाराला या वेळी हवे होते ते एकाच जातीचे, मोठ्या प्रमाणावर आणि लवकर मिळणारे कोरे कापड. त्याच १९८२ मध्ये दत्ताजीराव कदम यांच्या नावाने वस्त्रतंत्राचे शिक्षण देणारी संस्था इचलकरंजीत उभी राहिली, हेही त्या काळाच्या गरजेला धरूनच होते.

ग्रे कापड म्हणजे नेमके काय, हे घडीखात्यातील टेबलावर पसरलेल्या ताक्यावरून उमगते. त्याचा रंग करडा नसून सायीसारखा पिवळसर असतो. कापसाच्या बोंडाच्या टरफलाचे काळपट तपकिरी कण त्यात जागोजागी अडकलेले असतात, एखाद्या ठिकाणी मागाच्या तेलाचा डाग असतो, आणि बोटांना ते खरखरीत, ताठर लागते. ही ताठरता सायझिंगची, म्हणजे उभ्या धाग्यांना दिलेल्या खळीची असते. मागाच्या झटक्यांनी आणि फणीच्या घासण्याने ताणा तुटू नये म्हणून बीम भरताना त्याला ही खळ पाजतात. तपासणारा माणूस तुटलेला आडवा धागा, सुटलेली वीण, जाड-पातळ पट्टा शोधत कापडावरून हात फिरवत जातो, कारण हे दोष रंग चढल्यावर लपण्याऐवजी अधिकच उठून दिसतात. पुढे प्रक्रियागृहात ही खळ काढून टाकणे, कॉस्टिक सोड्यात उकळणे, विरंजन आणि मग रंगाई असा क्रम असतो. थोडक्यात, मागासाठी जी खळ चढवायची तीच रंगासाठी उतरवायची, आणि या दोन कामांच्या मधल्या टप्प्यावर इचलकरंजीचा बाजार उभा आहे.

या टप्प्यावर मालाचे वर्णन रंगाने किंवा नक्षीने होत नाही, आकड्यांनी होते. ‘६० बाय ६०, ९२ बाय ८८’ असे म्हटले की उभे व आडवे सूत ६० काउंटचे, इंचात ९२ उभे व ८८ आडवे धागे, एवढे ऐकणाऱ्याला कळते. आडव्या धाग्यांच्या या संख्येला पिक म्हणतात आणि मजुरीचा हिशेब तिच्यावर चालतो. कामगाराचा दर ५२ पिकाच्या कापडाच्या मीटरमागे ठरवण्याची रीत येथे आहे. ज्या यंत्रमागधारकाला स्वतःचे सूत घेणे परवडत नाही, तो व्यापाऱ्याकडून सूत घेऊन पिकामागे ठरलेल्या पैशांवर कापड विणून देतो. त्याला इचलकरंजीत ‘खर्चीवाला’ म्हणतात. माग त्याचा, वीज आणि जागा त्याची, कामगारांची जबाबदारी त्याची, पण कापड त्याचे नाही. कोऱ्या मालाचा भाव पडला तर खर्चीवाल्याची मजुरी आधी कापली जाते, आणि भाव चढला तर ती वाढायला वेळ लागतो, ही तक्रार या व्यवस्थेइतकीच जुनी आहे.

कोरे कापड तयार झाले की ते गाठींमध्ये बांधून राजस्थानातील पाली व बालोतरा, गुजरातेतील अहमदाबाद किंवा मुंबई येथील प्रक्रियागृहांकडे रवाना होते. रंग, छाप आणि दुकानात झळकणारे नाव त्याला तिकडे मिळते. इचलकरंजीत प्रक्रियागृहे नाहीत असे नाही, पण विणलेल्या मालाच्या मानाने ती थोडी आहेत. याचा दोष विणकराच्या कौशल्याला देण्याची सवय चुकीची आहे. रंगाईला लागणारे भांडवल चार-आठ मागांच्या मालकाच्या आवाक्याबाहेरचे असते. पाणी भरपूर लागते आणि रसायनमिश्रित सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय सोडता येत नाही, तर पंचगंगेचे प्रदूषण हा या परिसरातला फार दिवसांचा आणि रास्त संतापाचा विषय आहे. पूर्वी लुगडे विणणाऱ्याला या अडचणी इतक्या जाणवत नव्हत्या, कारण त्याचे काम सूत रंगवून भागत होते. थानाने कापड विणू लागल्यावर मात्र अखेरचा संस्कार आणि त्याबरोबर अखेरची किंमतही गावाबाहेर गेली. अलीकडे ऑटोलूम आणि शटललेस माग आले, डेनिम व शर्टिंगसारखा माल निघू लागला, काही उद्योजकांनी तयार कपड्यांपर्यंत मजल मारली. तरी साध्या यंत्रमागाचा मोठा पसारा अजूनही कोऱ्या कापडावरच चालतो.

इचलकरंजीला कौतुकाने ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हटले जाते, पण ही उपमा तपासून पाहिली तर टिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टर हे मुख्यतः कापडाच्या वखारींचे आणि सौद्यांचे शहर होते. सूत आणि कापड यांचे व्यवहार तेथील रॉयल एक्स्चेंजमध्ये ठरत. हिंदुस्थानसाठी धोतरे आणि कोरे कापड विणणारे हजारो माग मँचेस्टरात नव्हते, ते उत्तरेकडील ब्लॅकबर्न आणि त्याच्या आसपासच्या गावांत होते. इचलकरंजीची तुलना करायचीच असेल तर ती ब्लॅकबर्नशी करावी लागेल.