मकतबपासून जामियापर्यंत : वर्गातील गोष्टीचा प्रवास

वर्गात गोष्ट सांगणे म्हणजे वेळ घालविणे, असा समज आजही अनेक पालकांच्या मनात आहे. ‘पोर्शन कधी पूर्ण करणार?’ हा प्रश्न आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना नेहमीच ऐकावा लागतो. परंतु आपल्या तालीमचा इतिहास पाहिला, तर गोष्ट ही अभ्यासाबाहेरची वस्तू कधीच नव्हती.

जुन्या मकतबात कुरआनशरीफच्या पठणाबरोबर फारसी शिकविली जाई आणि फारसी म्हटली की शेख सादी. १२५८ सालचे त्यांचे ‘गुलिस्ताँ’ शतकानुशतके भारतातील मुलांच्या हाती होते. कायस्थांची मुलेही तेच वाचून दरबारी नोकरीस लागत. बादशहा, फकीर, व्यापारी यांच्या त्या हिकायती छोट्या आणि मार्मिक. पण भाषा घरची नव्हती. मूल आधी पाठ करी, अर्थ मागाहून कळे.

हे बदलले एका बापाने. डेप्युटी नजीर अहमद यांनी पूर्वी शिक्षण खात्यात उपनिरीक्षक म्हणून काम केले होते, तरी स्वतःच्या मुलींना देण्याजोगे पुस्तक त्यांना सापडेना. मग त्यांनीच दिल्लीच्या घरगुती उर्दूत ‘मिरात-उल-उरूस’ लिहायला घेतले. थोडे लिहून द्यावे आणि मुलींनी पुढचे मागावे, असे ते पुस्तक वाढले. १८६९ साली ते प्रसिद्ध झाले. सरकारने त्याला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. पुढच्या ‘बनात-उन-नाश’मध्ये तर नायिका असगरी घरातच मुलींचा मकतब चालविते. मुस्लिम मुलींच्या शिक्षणाची वाट अशी गोष्टीतून निघाली, हे विसरता येणार नाही. मात्र त्यात एक उणीव राहिली. अकबरी वाईट, असगरी चांगली, हा निकाल लेखकानेच देऊन टाकलेला. वाचणाऱ्या मुलीने फक्त मान डोलवायची.

पुढचे पाऊल डॉ. झाकिर हुसेन यांनी टाकले. १९२६ ते १९४८ ते जामिया मिल्लियाचे शेखुल जामिया होते. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच. एवढ्या व्यापात त्यांनी ‘रुकय्या रेहाना’ या नावाने मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. ‘अब्बू खाँ की बकरी’मधील चांदनी दावे सोडून डोंगरावर जाते, रात्रभर लांडग्याशी झुंजते आणि पहाटे मरते. झाडावरची पाखरे वाद घालतात, जिंकले कोण? सगळी म्हणतात लांडगा. एक म्हातारी चिमणी म्हणते, चांदनी.

आम्ही वर्गात ही गोष्ट त्या चिमणीच्या आधी थांबवितो आणि प्रश्न मुलांवर सोडतो. लगेच दोन तट पडतात. एरवी तोंड न उघडणारी मुलगीही उभी राहून ‘क्यों कि’ म्हणते. आमच्या मते तालीम इथे सुरू होते. ‘क्यों कि’ म्हणायला शिकलेले मूल उद्या घरात, बाजारात, मोहल्ल्यात कोणाच्याही सांगण्यावर मान डोलवणार नाही.

म्हणून शिक्षक बंधूभगिनींना एवढीच विनंती, की तात्पर्य फळ्यावर लिहिण्याची घाई करू नये. पालकांनीही त्या दिवशी वही कोरी दिसली, तर मुलाला गोष्ट विचारावी.