शिकागो विद्यापीठ आणि 'बिग टेन'

विद्यापीठाची कीर्ति ग्रंथालयांत वाढते कीं क्रीडांगणावर, हा प्रश्न अमेरिकेंत केवळ वादाचा राहिला नाहीं. शिकागो विद्यापीठाला त्याचें उत्तर कृतीनें द्यावें लागलें.

जॉन रॉकफेलर यांच्या देणगीनें उभें राहिलेलें हें विद्यापीठ १८९२ मध्यें सुरू झालें. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनीं नामांकित विद्वान् जमविले, आणि त्यांच्या बरोबरच अमॉस अलोंझो स्टॅग यांची क्रीडाविभागावर नेमणूक केली. नव्या विद्यापीठाचें नांव लोकांच्या तोंडीं बसविण्यास फुटबॉलसारखें साधन नाहीं, हें हार्पर जाणून होते. हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. यांत चेंडू हातांत घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडीत धांवावयाचें असतें.

खेळ लोकप्रिय झाला, तसे त्यांत गैरप्रकारही शिरले. नांवापुरते विद्यार्थी म्हणविणारे भाडोत्री खेळाडू मैदानावर दिसूं लागले. त्यांस आळा घालण्यासाठीं १८९५ च्या जानेवारींत पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या पुढाकारानें शिकागोंत बैठक भरली, आणि पुढच्याच वर्षीं सात विद्यापीठांचा क्रीडासंघ स्थापन झाला. खेळाची सूत्रें अध्यापकांच्या हातीं असावींत आणि खेळणारा खरोखरीचा विद्यार्थी असावा, हा या संघाचा मूळ हेतु. शिकागो त्याचें संस्थापक सभासद होतें. कालांतरानें सभासदांची संख्या दहा झाली व संघास 'बिग टेन' हें नांव पडलें.

स्टॅग यांच्या हाताखालीं शिकागोनें या संघाचें विजेतेपद सात वेळां मिळविलें. १९०५ मध्यें बलाढ्य मिशिगनला त्यांनीं अवघ्या २-० अशा गुणांनीं नमविलें. पुढें 'हाइझमन' या नांवानें गाजलेलें पारितोषिक १९३५ मध्यें प्रथमच दिलें गेलें, तेंही शिकागोच्या जे बरवँगर यास.

परंतु तोंवर उतरती कळा लागली होती. १९२४ नंतर विजेतेपद पुन्हां लाभलें नाहीं. संघांतील बहुतेक सभासद प्रचंड सरकारी विद्यापीठें होतीं. शिकागोचें लक्ष संशोधनाकडे होतें. १९२९ मध्यें वयाच्या तिसाव्या वर्षीं अध्यक्ष झालेले रॉबर्ट हचिन्स यांना तिकिटांच्या उत्पन्नावर पोसलेला खेळ शिक्षणास मारक वाटे. १९३२ मध्यें सत्तर वर्षांच्या स्टॅगना निवृत्त व्हावें लागलें. १९३९ च्या हंगामांत मिशिगननें ८५-० असा, तर ओहायो स्टेटनें ६१-० असा धुव्वा उडविला. त्याच डिसेंबरांत विश्वस्तांनीं फुटबॉल बंद केला, आणि १९४६ मध्यें विद्यापीठ संघांतूनही बाहेर पडलें.

ओस पडलेल्या स्टॅग मैदानाच्या पश्चिमेकडील प्रेक्षकसज्जाखालीं २ डिसेंबर १९४२ रोजीं एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नियंत्रित अणुविघटनाची पहिली अखंड शृंखला साधली. विद्यापीठाचा निर्णय सर्वस्वीं निर्दोष होता असें मात्र नव्हे. १९५० नंतर पदवीपूर्व विद्यार्थ्यांची संख्या रोडावली. त्यास इतरही कारणें होतीं. तरी तरुणांना विद्यापीठाविषयीं आपलेपणा वाटावा, यास खेळाचा हातभार लागतो, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं. १९६९ मध्यें फुटबॉल परत आला, पण माफक प्रमाणांत. आणि १९८६ मध्यें शिकागो आपल्यासारख्याच संशोधनप्रधान विद्यापीठांच्या नव्या क्रीडासंघाचें संस्थापक सभासद झालें. तेथें खेळासाठीं शिष्यवृत्ति दिली जात नाहीं. जुन्या सोबत्यांशीं विद्येचा संबंधही तुटला नव्हता. १९५८ मध्यें 'बिग टेन' विद्यापीठांनीं शैक्षणिक सहकार्यासाठीं समिति स्थापिली, तींत शिकागो होतें.

इकडे 'बिग टेन'चें नांव दहाचें राहिलें, पण २०२४ मध्यें सभासद अठरा झाले. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेल्या या संघाची जुळणी दूरचित्रवाणीच्या कराराकडे पाहून झाली आहे, आणि सामन्यासाठीं खेळाडूंना हजारों मैल उडावें लागतें. १८९५ च्या बैठकींत ज्या द्रव्यलोभास वेसण घालावयाची होती, तोच आज संघाची सीमा आंखीत आहे. यापुढें कोणतें विद्यापीठ कोणत्या संघांत राहील, हें त्याच्या अध्यापकांपेक्षां प्रक्षेपणाचे हक्क विकत घेणाऱ्या कंपन्याच अधिक ठरवितील, अशीं चिन्हें आहेत. शिकागोनें तो अधिकार आपल्या हातीं राखला, आणि त्याची किंमत म्हणून भरलेल्या प्रेक्षागारांवर पाणी सोडलें. जुन्या स्टॅग मैदानाच्या जागेवर १९७० पासून विद्यापीठाचें रेगेनस्टाइन ग्रंथालय उभें आहे.