बेश्शीचे तांबे : सुमितोमोच्या धातुव्यवसायाची कुळकथा

सुमितोमो मेटल मायनिंग ही जपानी कंपनी आपले मूळ 1590 सालात शोधते. त्या वर्षी सोगा रिएमोन या तरुणाने क्योतोमध्ये तांबे गाळण्याची भट्टी घातली. त्याचा मेहुणा सुमितोमो मासातोमो हा पूर्वाश्रमीचा धर्मोपदेशक. त्याचे पुस्तकांचे आणि औषधांचे दुकान होते. कुळाचे नाव आणि व्यवहाराचे नीतिनियम मासातोमोचे, पण धंदा आणि कसब रिएमोनचे. रिएमोनचा थोरला मुलगा तोमोमोचि मामाच्या घरी घरजावई म्हणून गेला आणि दोन्ही घरे एक झाली.

त्या काळच्या जपानी तांब्यात थोडी चांदी असे, पण ती वेगळी कशी करायची हे तिथल्या कारागिरांना ठाऊक नव्हते. त्यामुळे परदेशी व्यापारी तांब्याच्या भावात चांदीही घेऊन जात. सागरमार्गे आलेल्या युरोपीय लोकांकडून मिळालेल्या धाग्यादोऱ्यांवरून रिएमोनने ही विद्या साध्य केली, असे परंपरा सांगते. कृती अशी: तांब्यात शिसे मिसळून ते वितळवायचे. थंड झालेला गोळा बेताच्या आचेवर पुन्हा तापवला की शिसे आधी वितळते आणि चांदीला सोबत घेऊन ओघळते; तांबे मागे राहते. मग राखेच्या चुलीवर शिसे राखेत जिरवले की चांदीचा मणी उरतो. तोमोमोचिने 1623 मध्ये बस्तान ओसाकाला हलवले आणि हे गुपित तिथल्या इतर तांबे-व्यावसायिकांनाही शिकवले. कुळकथांमध्ये असे औदार्य जरा चढवूनच सांगितले जाते. तरी ओसाका शहर तांबे शुद्धीकरणाचे केंद्र झाले, ही गोष्ट खरी.

दुसऱ्याच्या खाणीतले तांबे गाळणाऱ्या या घराण्याला 1690 मध्ये शिकोकु बेटावरच्या बेश्शीच्या डोंगरात मोठा साठा सापडला. पुढच्याच वर्षी तिथे खाण सुरू झाली. नागासाकीहून डच जहाजांतून निघालेले जपानी तांबे कोरोमंडल, बंगाल आणि सुरतेच्या बाजारांपर्यंत पोहोचत असे. त्या निर्यातीत बेश्शीचा वाटा मोठा होता.

जपानात शोगुनाची सत्ता जाऊन सम्राटाची आली, त्या 1868 च्या सत्तांतरात खाण हातची जाता जाता वाचली. तोसा संस्थानाच्या सैन्याने ती ताब्यात घेतली होती आणि कर्जात बुडालेल्या घराण्यातही ती विकून टाकावी असा विचार चालला होता. खाणीचा कारभारी हिरोसे साइहेई याने दोन्ही संकटे परतवली. 1874 मध्ये त्याने लारोक नावाच्या फ्रेंच अभियंत्याला नेमले. त्याचा पगार खुद्द हिरोसेच्या सहापट होता. हिरोसेने त्याच्याकडून आधुनिकीकरणाचा आराखडा करून घेतला, पण त्याला कायम ठेवले नाही. आपल्याच माणसांना शिकायला फ्रान्सला धाडले. पुढे खाणविहिरी, बोगदे, रेल्वे आणि डोंगराखालच्या निइहामाच्या किनाऱ्यावर नवी भट्टी अशी कामे झाली.

त्या भट्टीनेच नवे संकट आणले. बेश्शीच्या खनिजात गंधक भरपूर. ते जळून निघणाऱ्या वायूने भाताची शेते करपू लागली आणि 1893 मध्ये शेतकरी उठले. भट्ट्यांसाठीच्या लाकूडतोडीने डोंगरही बोडके झाले होते. हिरोसेचा भाचा इबा तेइगो 1894 मध्ये खाणीचा कारभारी म्हणून तिथे आला. त्याने वर्षाला 10 लाखांहून अधिक रोपे लावण्याचा धडाका सुरू केला; आजच्या सुमितोमो फॉरेस्ट्रीची मुळे याच कामात आहेत. भट्टी त्याने समुद्रात सुमारे 20 किलोमीटर दूर असलेल्या निर्जन शिसाका बेटांवर हलवायचे ठरवले. 1905 मध्ये ती तिथे पूर्ण क्षमतेने चालू झाली आणि हिशेब फसला. वाऱ्याने धूर पूर्वीपेक्षा मोठ्या मुलखावर पसरवला. 1910 च्या करारात कंपनीला दरवर्षी भरपाई देणे आणि खनिज वितळवण्यावर मर्यादा घालणे मान्य करावे लागले.

उपाय अखेर रसायनशास्त्रात सापडला. गंधकाच्या वायूपासून गंधकाम्ल आणि त्यापासून खत करण्याचा कारखाना 1913 मध्ये निघाला. त्यातूनच सुमितोमो केमिकल वाढली. उरलासुरला वायू अमोनियाने मारण्याची सोय 1939 मध्ये पूर्ण झाली, तेव्हा कुठे धुराचा वाद मिटला. शेतकऱ्यांच्या उठावापासून मधे सेहेचाळीस वर्षे गेली. इबाची कीर्ती सांगताना हा आकडा बहुधा गाळला जातो.

दुसऱ्या महायुद्धानंतर सुमितोमो उद्योगसमूह मोडण्यात आला आणि खाण-धातूचा व्यवसाय स्वतंत्र होऊन 1952 पासून सध्याचे नाव लावू लागला. बेश्शीची खाण 1973 मध्ये बंद झाली. तोपर्यंत तिने सुमारे 6.5 लाख टन तांबे दिले होते आणि तिचा तळ समुद्रसपाटीखाली सुमारे 1,000 मीटरपर्यंत गेला होता. त्यानंतर कंपनीची कागोशिमातली हिशिकारी ही अत्यंत समृद्ध सोन्याची खाण 1985 मध्ये चालू झाली.

कंपनीच्या इतिहासातला सर्वांत काळा दिवस 30 सप्टेंबर 1999. जेसीओ या तिच्या उपकंपनीच्या तोकाइमुरा येथील अणुइंधनाच्या कारखान्यात कामगार नियमबाह्य रीतीने बादल्यांनी युरेनियमचे द्रावण ओतत होते. अचानक अणुविखंडनाची साखळी सुरू झाली. दोन कामगार मरण पावले आणि पुढच्या वर्षी जेसीओचा परवाना रद्द झाला.

2005 पासून फिलिपिन्समधल्या पालावान बेटावर कंपनी हलक्या प्रतीच्या खनिजातून निकेल काढते. त्यासाठी खनिज गंधकाम्लात उच्च दाबाखाली तापवावे लागते. मिळालेला माल शुद्धीकरणासाठी निइहामाला येतो आणि त्यातला काही भाग विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटऱ्यांत जातो.