दोन हजेऱ्या

'हजेरी' हा शब्द आम्हां अध्यापकांच्या तोंडी दिवसातून चार वेळा येतो आणि तितक्याच सहजतेने विसरला जातो. भटक्या-विमुक्तांच्या इतिहासात या शब्दाला जो दुसरा अर्थ आहे, तो मात्र साहित्याच्या वर्गातही क्वचितच उलगडला जातो. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या कक्षेत मुंबई इलाखा आला. त्यानंतर 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींतील नोंदलेल्या माणसांवर ठरावीक वेळी पोलिसांपुढे किंवा गावच्या पाटलापुढे हजर होण्याची सक्ती करता येऊ लागली. त्यांची नावे राज्यसंस्थेने प्रथम लिहिली ती या वहीत. शाळेची वही पुष्कळ नंतर आली. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील भटक्या कुटुंबांच्या शिक्षणाचा विचार करताना आरंभ शाळेपासून नव्हे, तर या पहिल्या वहीपासून करावा, असे आम्हांला वाटते.

शाळा या कायद्यातही होती. १९११ च्या आणि पुढे १९२४ च्या कायद्यातील एका कलमान्वये घोषित जमातींच्या सहा ते अठरा वयाच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला होता. सगळेच भटके या कायद्याखाली नव्हते, हे खरे. पारधी-कैकाड्यांच्या वाट्याला आलेला पोलिसी जाच वैदू, गोपाळ किंवा मसणजोग्यांच्या वाट्याला त्याच रूपात आला नाही. परंतु ज्यांच्या लेखी 'मुलाचे नाव लिहून घेणे' म्हणजे मूल हिरावले जाण्याची शक्यता, त्यांनी शाळामास्तराच्या लेखणीकडे कोणत्या विश्वासाने पाहावे? 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही' हे वाक्य आम्ही शिक्षकांच्या खोलीत अनेकदा ऐकले आहे. त्यात इतिहासाचे अज्ञान अधिक आहे.

लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'मध्ये (१९८७) आजोबांची पोलिसी हजेरी आणि नातवाची शाळा एकाच घरात नांदतात. मुलगा शाळेत जाऊ लागतो आणि वस्तीत आजार पसरताच त्याचे खापर त्याच्या शाळेवर फोडले जाते. आपण हा प्रसंग अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून शिकवतो. तो भीतीचा दस्तऐवज म्हणून वाचायला हवा. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ला (१९८०) आणि 'उचल्या'ला साहित्य अकादमीचा सन्मान मिळाला. दोन्ही पुस्तके अभ्यासक्रमांत आली. बोलीवर, आत्मकथनाच्या घाटावर प्रबंध झाले. त्यांतील शाळेच्या दारापाशी मात्र समीक्षा फारशी थांबली नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा देशभर रद्द झाला आणि 'गुन्हेगार' जमाती 'विमुक्त' झाल्या. थाडे समितीच्या शिफारशींनंतर १९६१ मध्ये महाराष्ट्राने १४ विमुक्त आणि २८ भटक्या जमातींची यादी केली. याच यादीपाशी नवा पेच आहे. जातीच्या दाखल्यासाठी कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून राज्यात राहत असल्याचा पुरावा मागितला जातो. ज्याचा आजा त्या साली पालात होता आणि ते पाल दर चार दिवसांनी हलत होते, त्याने रहिवास दाखवायचा कुठला? या कामी सर्वांत भक्कम मानला जाणारा कागद म्हणजे बापाचा किंवा आजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. म्हणजे शिक्षणाच्या सवलती मिळण्यासाठी मागची पिढी शिकलेली असली पाहिजे! चौकशी करून दाखला देण्याचा मार्ग कागदावर खुला आहे. पण त्या मार्गाने जायलाही कुणीतरी लिहिता-वाचता माणूस सोबत लागतो.

दुसरा पेच कालगणनेचा. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. गाढवांचा बाजार भरतो. भटक्या जमातींच्या जातपंचायती पिढ्यान्‌पिढ्या इथेच बसत आल्या. सोयरिकी जुळायच्या, वाद तुटायचे, दंड व्हायचे. पांगलेल्या समाजाचे वर्ष मढीला येऊन संपते आणि तिथूनच सुरू होते. आता शाळेचे वर्ष पाहा. ते जूनमध्ये उघडते, तेव्हा पावसामुळे पाले एका जागी असतात आणि पोराचे नाव पटावर चढते. दिवाळीनंतर बिऱ्हाड हलते, आणि वार्षिक परीक्षेची घाई सुरू होते त्या फाल्गुनात ते मढीच्या वाटेवर असते. जिल्ह्यातील साखर कारखान्यांवर येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचे वेळापत्रकही असेच उफराटे आहे. मुलाला शाळा नको असते असे नाही. शाळेचे पंचांग शेतकऱ्याचेही नाही आणि भटक्याचे तर नाहीच.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने यातील काही गाठी सोडवल्या आहेत. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयानुरूप वर्गात बसण्याचा हक्क आहे. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी पत्रकाची योजनाही आली: मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने ते पाहून त्याला बसवून घ्यावे. ही कलमे पालावरच्या आईला ठाऊक नसतात, यात नवल नाही. ती ज्या टेबलासमोर उभी राहते, त्या टेबलामागच्या माणसाला ती ठाऊक नसावीत, याचे नवल वाटते. म्हणून या कुटुंबांना मदत म्हणजे शिक्षणाचे महत्त्व पटवणारी भाषणे, असे समजणे आम्हांला थोडे उद्दामपणाचे वाटते. गरज आहे ती अर्ज भरणाऱ्या, सोबत शाळेपर्यंत चालणाऱ्या आणि बिऱ्हाड हलल्यावर मुलाला निवारा देणाऱ्या माणसांची. जामखेडला ग्रामीण विकास केंद्राचे 'निवारा' बालगृह हेच शेवटचे काम करते.

जिल्ह्याचे नवे नाव ज्यांच्यावरून आले त्या अहिल्याबाईंचे जन्मगाव चोंडी याच जामखेड तालुक्यात. घराणे धनगराचे, आणि धनगर समाज राज्याच्या यादीत भटक्या जमातींच्या 'क' वर्गात. पारनेर-संगमनेरकडचे मेंढपाळांचे वाडे आजही दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे जातात. घोड्यावर संसार, त्यावर कोंबड्या, आणि मागे मेंढरांबरोबर चालणारी मुले. त्यांतल्या पुष्कळांची नावे त्या वेळी गावच्या शाळेच्या पटावर असतात.