परिचारिकेची पहिली पायरी

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी मंदिर उभारणाऱ्यांची, धर्मगुरूंची व दानशूर सज्जनांची नावे आपण आदराने घेतो, आणि ते उचितच होय. परंतु ज्यांनी रोग्याच्या उशाशी बसून रात्रीच्या रात्री काढल्या, त्यांचे स्मरण क्वचितच होते. आज आपल्या समाजातील अनेक कन्या परिचर्येचे शिक्षण पुरे करून बाहेर पडत आहेत. पदवी हाती येताच त्यांच्यापुढे, व त्यांच्या आईबापांपुढेही, एक प्रश्न उभा राहतो: पहिली नोकरी कोठे धरावी? हा प्रश्न नवा नाही. पूर्वी तो कसा सुटला हे पाहिले, तर आजच्या मुलींस काही बोध होईल अशा हेतूने हा अल्प लेख लिहीत आहे.

रुग्णसेवा ही ख्रिस्तमंडळीइतकीच जुनी आहे. १६३३ साली फ्रान्स देशात संत विन्सेंट दि पॉल व संत लुईझ दि मारियाक ह्यांनी सेवाभगिनींचा संघ स्थापिला आणि मठाच्या भिंतींबाहेर, गोरगरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्याचा मार्ग घालून दिला. परंतु शाळेत शिकून, प्रमाणपत्र घेऊन, वेतनावर काम करणारी परिचारिका ही त्या मानाने अलीकडची आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची लंडन येथील सेंट थॉमस इस्पितळातील शाळा १८६० साली सुरू झाली, तेव्हापासून ह्या व्यवसायास निश्चित रूप आले.

अमेरिकेतील पहिल्या प्रशिक्षित परिचारिका म्हणून ज्यांची ख्याती आहे, त्या कुमारी लिंडा रिचर्ड्स ह्यांचे चरित्र आपल्या प्रश्नास फार उपयोगी आहे. बोस्टन येथील स्त्रिया व मुलांच्या इस्पितळात १८७२ साली शाळा निघाली, तिच्या पहिल्या पाच विद्यार्थिनींपैकी त्या एक. पहाटे साडेपाचला उठावे, रात्री नऊला वॉर्डातून निघावे, आणि निजावयाचे तेही वॉर्डांमधल्या लहानशा खोलीत. सहा रोग्यांची काळजी दिवसा तिनेच वाहावयाची व रात्रीही तिनेच. पाठ्यपुस्तके नव्हती. औषधांच्या बाटल्यांवर नावांऐवजी केवळ आकडे असत. कारण कोणते औषध आपण देतो हे परिचारिकेस कळण्याचे कारण नाही, अशी समजूत होती! वर्षभराच्या ह्या श्रमानंतर १८७३ साली त्यांस प्रमाणपत्र मिळाले.

त्या काळी इस्पितळांतील बहुतेक काम विद्यार्थिनींकडूनच करवून घेत. म्हणून शिकून बाहेर पडलेल्या परिचारिका पुढे बहुधा सधन घरी एकेका रोग्याजवळ राहून चरितार्थ चालवीत. रिचर्ड्सबाईंनी मात्र न्यूयॉर्क येथील बेलेव्ह्यू इस्पितळातील नव्या शाळेत रात्रीच्या देखरेखीचे काम पत्करले. रोगी दरिद्री आणि पाळी रात्रीची. परंतु तेथे सिस्टर हेलेन नावाच्या अनुभवी प्रमुख होत्या. त्या अँग्लिकन पंथाच्या ऑल सेंट्स संघातील होत्या. ह्याच संघाच्या भगिनींनी पुढे आपल्या मुंबईतही रुग्णसेवा केली. रात्री रोग्याची अवस्था काय होती, हे रिचर्ड्सबाई कागदावर टिपून ठेवू लागल्या. त्या टिपणांचा उपयोग वैद्यांच्या ध्यानी आला व त्यांतून रोग्यांच्या नोंदी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या शाळेची धुरा त्यांच्याकडे आली. १८८५ पासून पाच वर्षे त्यांनी जपानात क्योतो येथे परिचारिका घडविल्या. ज्या अमेरिकन बोर्डाने त्यांस तिकडे धाडिले, त्याचेच मिशन आपल्या अहमदनगरातही होते. ह्या साऱ्या कार्याची पहिली पायरी ती एका इस्पितळातील रात्रपाळी होय.

आता आपल्या देशाकडे वळू. १८९६ साली मुंबईत ग्रंथिज्वर शिरला. तो प्रथम ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे आपल्याच गोमंतकीय समाजाचे. त्या संकटात शुश्रूषा करणाऱ्या हातांची उणीव सर्वांस जाणवली. पुण्यास रमाबाई रानडे ह्यांच्या सेवासदनाने १९११ साली ससून रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली, तेव्हा घरंदाज स्त्रीने परक्याचे मलमूत्र काढावे ही कल्पनाच पुष्कळांस रुचेना. १९४६ साली भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४३,००० माणसांमागे एकच परिचारिका होती. त्याच साली दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येच्या पदवीचे शिक्षण सुरू झाले.

आमच्या धर्मभगिनींपुढे तर निराळीच अडचण होती. व्रतस्थ स्त्रियांनी प्रसूतीचे काम करू नये असा निर्बंध दीर्घकाळ होता. ज्या स्त्रिया पुरुष वैद्यासमोर येत नसत, त्यांचे त्यामुळे किती हाल होत ते डॉ. आना डेंगेल ह्यांनी रावळपिंडीस स्वतः पाहिले आणि १९२५ साली मेडिकल मिशन भगिनींचा संघ काढिला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमच्या आज्ञेने मिशन प्रदेशांतील धर्मभगिनींस हे क्षेत्र मोकळे झाले. गुंटूर येथे १९२० पासून झटणाऱ्या ऑस्ट्रेलियन डॉक्टर सिस्टर मेरी ग्लोरी ह्यांनी १९४३ साली कॅथोलिक इस्पितळांचा संघ स्थापिला. ज्या मार्गावरून आज आमच्या मुली सहज चालतात, तो असा एकेका निर्धाराने मोकळा झालेला आहे.

ह्या इतिहासाचा बोध काय? वेतन तुच्छ आहे असे कोणी समजू नये. मजुराने आपल्या मजुरीस पात्र असावे हे शुभवर्तमानच सांगते, आणि घरचे कर्ज फेडणे हेही कर्तव्यच आहे. परंतु पहिल्या नोकरीत वेतनाबरोबरच आणखी काही पाहावे. चूक झाल्यास शांतपणे दाखवून देणारी वडीलधारी परिचारिका तेथे आहे काय? रात्री एकीवर किती रोगी सोपवितात? मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याची अट तर नाही ना? जेथे शिकविणारे कोणी नाही, तेथे नवखी मुलगी भिऊन तरी जाते, किंवा निर्ढावते तरी. आणि दोन्हीची किंमत रोगी भरतो. आईबापांनीही परदेशच्या पगाराची घाई करू नये. दोन वर्षे चांगल्या हाताखाली काढलेली मुलगी पुढे कोठेही मानाने उभी राहील, मग ते शहरातले मोठे इस्पितळ असो, आखातातला देश असो, वा डोंगराकडेचा एखादा दवाखाना असो.

शोमरोनी मनुष्याने जखमी वाटसरूची जखम बांधली, त्यास उतारशाळेत नेले व रात्री तो त्याच्याजवळ राहिला. आपल्या कन्यांची पहिली पायरीही अशीच रोग्याजवळची असो, आणि रुग्णसेवकांचे आश्रयदाते संत कामिल्लुस त्यांचे रक्षण करोत, हीच ह्या महोत्सवप्रसंगी प्रार्थना.