शब्द शोधायचा, पण कोणाचा?

मागच्या खेपेस व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी विचारलं, “सर, बायबलच्या अभ्यासासाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?” इतिहासाच्या व्याख्यानात हा प्रश्न कुठून आला, असं आम्हाला क्षणभर वाटलं. पण त्याचं उत्तर इतिहासातच आहे, बरं का.

तेराव्या शतकात पॅरिसच्या सेंट जॅक मठातल्या डॉमिनिकन भिक्षूंनी ह्यू ऑफ सेंट शेर यांच्या देखरेखीखाली लॅटिन बायबलची शब्दसूची केली. तेव्हा अध्याय होते, वचनांना क्रमांक नव्हते. नव्या कराराला ते 1551 मध्ये रोबेर एस्तिएनने दिले. मग जागा दाखवायची कशी? या मंडळींनी प्रत्येक अध्यायाचे सात भाग कल्पिले आणि त्यांना अक्षरं दिली. पुढे 1737 मध्ये लंडनच्या अलेक्झांडर क्रूडनने इंग्रजी सूची छापली. 1957 मध्ये जॉन एलिसन यांनी तेच काम युनिव्हॅक संगणकाकडून करवून घेतलं.

या तिन्ही सूच्या मुळात भाषांतरात शोध घेणाऱ्या. भाषांतरात शब्द शोधला की आधी सापडतो तो भाषांतरकार! जेम्स स्ट्राँग यांनी 1890 च्या सूचीत मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्दांना क्रमांक दिले, ते याचसाठी. योहानाच्या 21 व्या अध्यायात येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? किंग जेम्स भाषांतरात सगळीकडे एकच ‘लव्ह’. ग्रीकमध्ये मात्र पहिल्या दोन प्रश्नांत ‘अगापाओ’, क्रमांक 25, आणि तिसऱ्यात ‘फिलेओ’, क्रमांक 5368. पेत्राच्या तिन्ही उत्तरांत ‘फिलेओ’च. सॉफ्टवेअर हे एका क्लिकवर दाखवतं. पण या फरकात खोल अर्थ आहे, की योहानाची समानार्थी शब्द वापरण्याची ही नुसती लकब, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. तिथे सॉफ्टवेअर हात टेकतं.

म्हणून घेताना काय पाहावं? त्यात किती हजार पुस्तकं आहेत ते नव्हे. मूळ शब्दांची व्याकरणिक नोंद आहे का आणि ती कोणी केली, हे पाहा. लोगोस, ॲकॉर्डन्स यांना पैसे पडतात. क्रॉसवायरचा सोर्ड प्रकल्प फुकट आणि खुला आहे. सुरुवातीला तोच पुरे.

मराठीत शोधणाऱ्यांनी जास्तच सावध राहावं. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीक शिकून, साध्या बायकांनाही कळावं म्हणून बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्यांच्या पश्चात 1924 मध्ये ते पूर्ण प्रसिद्ध झालं. त्यांचा शब्द आणि दुसऱ्या मराठी भाषांतरातला शब्द एकच असेल, हे गृहीत धरू नका.

आणि आपली टिपणं बाहेर काढता येतात ना, ते पहिल्याच दिवशी तपासा. रोमकरांस पत्रावरची आमची दोन वर्षांची टिपणं एका बंद पडलेल्या प्रोग्राममध्ये अडकली आहेत. तो जुना संगणक आम्ही अजून मोडीत दिलेला नाही.