पहिल्या बर्फाचा तळ

सोलापुरात बर्फ म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती उसाच्या रसाची गाडी. त्यामुळे आज आपण गुलमर्गच्या बर्फाबद्दल बोलणार म्हटल्यावर काहींना गंमत वाटली असेल. पण हिमालयात बर्फ किती पडला, हा प्रश्न सरकारदरबारी गाजला तो आपल्यासारख्या दुष्काळी मुलखांमुळेच.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर, विजापूर होरपळले. हवामान खातं १८७५ मध्ये नुकतंच सुरू झालं होतं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडलं, की हिमालयात बर्फ जास्त पडला तर पुढचा पावसाळा कोरडा जाण्याचा संभव अधिक. त्यावर १८८६ च्या जूनमध्ये मान्सूनचा पहिला अधिकृत अंदाज निघाला. पुढे १८९९ मध्ये खात्याने चांगल्या पावसाचा अंदाज दिला, आणि पडला दुष्काळ! (या खात्याचं कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरचं 'सिमला ऑफिस' ते हेच.)

ब्लॅनफर्ड यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, अपुरा होता असं आम्हाला वाटतं. 'किती' हे त्यांनी विचारलं. कुठला बर्फ कशावर पडला, हे विचारायची गरज त्यांना नव्हती. ती गरज पडली बर्फावर चालणाऱ्यांना.

गुलमर्गला 'स्की क्लब ऑफ इंडिया' १९२७ मध्ये स्थापन झाला. वर नेणारा पाळणा तेव्हा नव्हता. खिलनमर्गपर्यंत, त्याच्याही वर अफरवटच्या उतारांवर, आपल्याच पायांनी चढायचं. त्यासाठी स्कीच्या तळाला सीलच्या कातड्याची पट्टी बांधत. तिचे केस पुढे सरकू देतात, मागे घसरू देत नाहीत. चढायला काही तास, उतरायला काही मिनिटं. पण त्या चढणीतच बर्फाची ओळख होते.

ती ओळख कसली, ते जरा नीट पाहू. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडतो, वीतभर. मग आकाश निरभ्र, रात्री कडाक्याच्या. खालची जमीन मात्र अजून उबदार. त्या उबेची वाफ पातळ थरातून वर चढते आणि तळच्या बर्फाचं रूप पालटतं. मऊ कापसाचे मोठे, टोकदार, सुटे दाणे होतात. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात वेगळं काय सांगायचं? अगदी साखरच, मुठीत दाबली तरी गोळा होत नाही. थर पातळ, तेवढा हा पालट जास्त. म्हणजे कमी बर्फ म्हणजे कमी धोका, हा आपला सरळ हिशेब इथे उलटा पडतो.

पुढे भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतात आणि या साखरेवर हातभर, पुरुषभर बर्फ टाकतात. वरून सगळं पांढरंशुभ्र, एकसारखं. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एका माणसाचं वजनही पुरतं. पायाखाली 'धप्प' असा आवाज येतो, तो तळ बसल्याचा. उतारावर तो ऐकू आला की चर्चेला वेळ नसतो.

सैन्याने हे शिक्षण संघटित केलं. काश्मीरच्या युद्धात हिवाळ्याने शिकवलेला धडा ताजा असतानाच, डिसेंबर १९४८ मध्ये जनरल थिमय्यांच्या पुढाकाराने गुलमर्गला स्की-शाळा निघाली. तीच आजची 'हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल'. आणि ८ फेब्रुवारी २०१० रोजी, याच शाळेचे जवान खिलनमर्गला प्रशिक्षण घेत असताना हिमकडा कोसळला. सतरा जण गेले. ज्यांचा धंदाच बर्फ ओळखण्याचा, त्यांचेही जीव गेले.

गुलमर्गचा गोंडोला १९९८ मध्ये सुरू झाला, अफरवटकडे जाणारा दुसरा टप्पा २००५ मध्ये. आता माणूस काही मिनिटांत वर पोचतो आणि आखलेली वाट सोडून कोऱ्या उतारावर उतरतो. चढणच वगळली गेली! सोय झाली हे खरं, पण बर्फाशी होणारं संभाषण तुटलं.

जानेवारी २०२४ मध्ये, ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस कडक दिवसांत, गुलमर्ग उघडंबोडकं होतं. पर्यटक हळहळले, हॉटेलवाले चिंतेत पडले. फेब्रुवारीत बर्फ आला तसा आनंदीआनंद झाला. २२ तारखेला हिमकडा कोसळून एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. तळच्या थरानेच घात केला असा निवाडा इथे बसून देणं बरं नाही. पण आधी कोरडा हिवाळा, मग एकदम भरपूर बर्फ, हा क्रम पाहिल्यावर जाणता माणूस उताराकडे बघण्याआधी फावडं काढतो. जमिनीपर्यंत खड्डा खणतो, भिंतीवर बोट फिरवत थर मोजतो, आणि सगळ्यात खालचा, नोव्हेंबरचा बर्फ मुठीत घेऊन दाबून पाहतो.